डिस्प्लेवर शून्य, खोलीत किती? थर्मामीटर कॅलिब्रेशनमधल्या या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये रात्रीही दिवे मालवत नाहीत. तोडणी, पॅकिंग, प्रीकूलिंग (साठवणीआधी माल झटपट थंड करणं), शीतगृह, मग रीफरने (थंड कंटेनरने) न्हावाशेवा बंदर. या सगळ्या वाटेवर कॉम्प्रेसर चालतो-थांबतो तो डिस्प्लेवरच्या आकड्यावर, आणि रजिस्टरमध्येही तोच आकडा लिहिला जातो. तो खोटा असेल तर बाकी सगळं नीट करूनही माल हातचा जातो. तो खरा आहे का हे तपासणं म्हणजेच कॅलिब्रेशन.

उकळत्या पाण्यात 100 शोधणं

आपल्या भागात ही चूक सर्रास होते. पाणी 100 अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि साधारण दर 300 मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. थर्मामीटर 98 दाखवतो म्हणून त्याला 2 अंशांचा ऑफसेट (प्रत्येक आकड्यात कायमची मिळवणी) देऊन 100 वर आणलं, की चांगलं उपकरण आपल्याच हाताने बिघडलं. तो ऑफसेट थंड बाजूलाही लागू होतो. हाच प्रकार खोलीच्या कंट्रोलरच्या सेन्सरबाबत झाला तर डिस्प्लेवर शून्य असताना आत उणे 2 असतं. द्राक्षाचे देठ त्याच सुमारास गोठू लागतात, मणी साखरेमुळे आणखी थोडा तग धरतो. खोलीत काही कळत नाही. खोके उघडल्यावर तपकिरी, सुकलेले देठ दिसतात.

शीतसाखळीसाठी तपासणी थंडीतच करावी. त्यासाठी बर्फ पुरेसा आहे.

बर्फ आहे, पण पद्धत नाही

फ्रीझरमधून काढलेला कोरडा बर्फाचा तुकडा शून्य अंश नसतो, तो त्याहून बराच थंड असतो. शून्य मिळतं ते वितळणाऱ्या बर्फात. बर्फ बारीक कुटा, थर्मासमध्ये गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच शुद्ध पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, ते काढून टाका. बर्फ आणि पाणी दोन्ही डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या, कारण क्षारांमुळे गोठणबिंदू खाली जातो. मिठाचा हात तर अजिबात लागू देऊ नका. प्रोब (थर्मामीटरची मोजणारी सळई) मधोमध ठेवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. हलवत राहा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. घाईत दहा सेकंदांत प्रोब बाहेर काढणं म्हणजे तपासणी न करणंच. डायलचा, धातूच्या दांडीचा थर्मामीटर असेल तर दांडी काही सेंटिमीटर खोल गेली पाहिजे, नुसतं टोक बुडवून चालत नाही.

माझ्या मते द्राक्षाच्या खोलीत अर्ध्या अंशाहून जास्त फरक चालवून घेऊ नये.

हातातला तपासला, भिंतीवरचा राहिला

खिशातला प्रोब तपासतात, पण खोली चालवणाऱ्या सेन्सरकडे कोणी बघत नाही. तो पीटी-100 (तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) असेल आणि दोनच तारांनी जोडलेला असेल, तर तारेचा रोधही तापमान म्हणून मोजला जातो. 0.385 ओहम वाढले की आकडा एक अंशाने चढतो. बारीक तार पाच-सहा मीटर लांब ओढली तरी एवढा रोध सहज होतो. इलेक्ट्रिशियनने तार बदलली असेल तर त्याच दिवशी थर्मास खोलीत न्या, तोच सेन्सर बर्फात बुडवा आणि पॅनलवरचा आकडा वाचा. तीन तारांची जोडणी केली तर ही अडचण मुळातच सुटते.

इन्फ्रारेड बंदुकीचं थोडक्यात सांगतो. ती फक्त पृष्ठभाग वाचते. स्टीलच्या चकचकीत कॅनवर तिचा आकडा भरवशाचा नसतो, आणि बाहेरच्या उन्हातून थेट थंड खोलीत नेली तर काही वेळ चुकीचंच दाखवते. द्राक्षाचं तापमान घ्यायचं तर प्रोब मण्याच्या गरात गेला पाहिजे.

सर्टिफिकेट फाइलला लावून मोकळं होणं

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट आलं की आधी तपासणी कोणत्या तापमानांना झाली ते पाहा. 25, 50 आणि 100 अंशांची तपासणी उणे 18 च्या आइस्क्रीमच्या खोलीला काय उपयोगाची? उपकरण पाठवतानाच आपल्याला हवी असलेली तापमानं लिहून द्या. दुसरा घोळ चिन्हाचा. उपकरण खऱ्यापेक्षा 0.7 जास्त दाखवत असेल तर दुरुस्ती उणे 0.7 असते. सर्टिफिकेटवर त्रुटी दिली आहे की दुरुस्ती, हे न वाचता आकडा कंट्रोलरमध्ये भरला तर चूक दुप्पट होते.

उलट दिशेची चूक दूध-पनीरवाल्यांना जास्त महागात पडते. सेन्सर 3 अंश कमी दाखवत असेल तर डिस्प्लेवर 4 असताना दूध 7 अंशांवर असतं. रजिस्टर स्वच्छ दिसतं आणि जिवाणू वाढत राहतात. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, तिथे हे तीन अंश फार मोठे आहेत.

चूक सापडली तर

नुसता ऑफसेट बदलून पुढे जाऊ नका. आधी सापडलेला फरक, तारीख आणि उपकरणाचा क्रमांक लिहा. मग मागची बरोबर आलेली तपासणी कधीची ते शोधा. तिथपासून आजपर्यंत त्या खोलीतून गेलेला प्रत्येक लॉट संशयित धरावा लागतो. खोलीत उरलेला माल दुसऱ्या, तपासलेल्या प्रोबने मोजून वेगळा काढा आणि गेलेल्या मालाबद्दल खरेदीदाराला त्याच दिवशी कळवा. तपासणी वर्षातून एकदाच होत असेल तर हा संशय अख्ख्या हंगामावर पसरतो. दर सोमवारी बर्फाचा थर्मास काढला तर हा संशय आठवड्यापुरता राहतो.