स्कॉटलंडचा पूर्वज सापडेना? आधी त्याची भावंडं शोधा

पूर्वज देश सोडून गेला असेल किंवा 1855 च्या आत वारला असेल, तर त्याच्या आईवडिलांची नावं मिळता मिळत नाहीत. चर्चच्या जुन्या वह्यांत मृत्यूच्या, दफनाच्या नोंदी तुटपुंज्या, आणि एकेका गावात जॉन मॅकडोनल्ड ढिगानं.

अशा वेळी त्याचा नाद तात्पुरता सोडा. मागे राहिलेल्या भावाचा किंवा बहिणीचा मृत्यूदाखला काढा. 1 जानेवारी 1855 पासून तिथे सरकारी नोंदणी सक्तीची झाली आणि मृत्यूच्या नोंदीत वडिलांचं नाव, व्यवसाय, शिवाय आईचं माहेरचं आडनावही लिहू लागले. 1785 ची बहीण 1860 मध्ये वारली असेल, तरी तिच्या दाखल्यावर आईवडील सापडू शकतात.

1. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा. सूचीत शोधणं फुकट, मूळ पानाला पैसे पडतात. म्हणून आधी वय आणि परगणा घालून यादी छाटा.
2. लग्न झालेली बहीण माहेरच्या आडनावानंही शोधा. तिकडच्या कागदांत ते सहसा टिकून असतं, हे आपलं नशीब!
3. ‘मॅक’चं स्पेलिंग दर कारकुनागणिक बदलतं. शंका असलेल्या अक्षरांच्या जागी * टाका.

फक्त दाखल्यावर माहिती देणारा कोण, ते बघा. मुलगा असेल तर बरं. शेजारी किंवा जावई असेल, तर मृताच्या आईचं माहेरचं आडनाव त्यानं अंदाजानंही सांगितलेलं असू शकतं. दुसऱ्या भावंडाच्या दाखल्याशी ताडून घ्या.