भातलावणीला गुडघे तयार करायचे तर मे महिन्यातच

भाताची लावणी आटोपली की घरातल्या साठीपुढच्या माणसाचा गुडघा सुजतो आणि बोल लागतो चिखलाला. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती मांडी. मांडीच्या पुढचा स्नायू दमदार असला तर चालताना, उतरताना बसणारे हिसके तो झेलतो; तो सुकला की तेच हिसके थेट सांध्यात जातात. स्नायूला ताकद यायला ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून जुलैच्या लावणीसाठी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करावी. मिरग लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

‘गुडघे झिजलेत, आता बसून राहा’ हा सल्लाही ऐकू नका. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ती दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात सांध्यातलं वंगण शोषून पोसली जाते. बसून राहिलं की हे थांबतं.

मुख्य व्यायाम एकच आहे, खुर्चीतून उठणं. साधारण १८ इंच उंचीची, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर मागे सरकते आणि माणूस खाली बसतो, म्हणून भिंत हवीच. पुढच्या कडेला बसा, पावलं खांद्यांइतकी फाकवा, टाचा थोड्या मागे घ्या, हात छातीवर बांधा. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकून उठा. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसा, कारण खरी कमाई या खाली येण्यात आहे. धपकन बसलात तर व्यायाम झालाच नाही. ८ ते १० वेळा, मग दोन मिनिटं दम, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. उठताना गुडघे आत वळत असतील किंवा हात मांडीवर टेकवावे लागत असतील तर खुर्चीवर चादरीची घडी ठेवून बैठक उंच करा, आणि दर आठवड्याला एकेक घडी काढा.

जोडीला चटईवर उताणं पडून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, ५ आकडे धरा, खाली आणा. प्रत्येक पायाने १० वेळा. पाय फार वर नेलात तर कंबर उचलली जाते आणि मग पाठ धरते.

थोडं दुखलं म्हणून थांबायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल तर फेऱ्या निम्म्या करा.

पावसात चालणं सुटतं, तिथेच घोटाळा होतो. २० फुटांची पडवी ८२ वेळा जाऊन-येऊन केली की एक किलोमीटर होतो. कंटाळवाणं आहे, पण सकाळ, दुपार, संध्याकाळ १०-१० मिनिटं धरली तर जमतं. पावसाळी हवेत सांधे जास्त ठणकले म्हणून कूर्चा झिजली असं समजू नका. १५ मिनिटं कोमट शेक घ्या; मधुमेहाने पाय बधिर असतील तर तापमान दुसऱ्याच्या हाताने तपासा. लाल, गरम, सुजलेल्या सांध्याला शेक नको.

पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरण्यातच गुडघ्यावर भार जास्त येतो. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरा. बरीच माणसं नेमकी उलट धरतात. काठीचं माप घ्यायला चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहा. मनगटाच्या रेषेपर्यंत काठी हवी, खाली रबरी बूच. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ पहिल्या पावसानंतर आणि मग दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढा. घसरून मोडलेल्या खुब्यापुढे झिजलेला गुडघा काहीच नाही.

विळीवर उकिडवं बसून नारळ खवणं बंद करा, ओट्याला घट्ट बसवायची खवणी घ्या. भरलेली कळशी एका कमरेवर नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्या. वजन जास्त असेल तर १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. यापेक्षा स्वस्त औषध नाही.

मासे सोडायची गरज नाही, बांगडा-तारली चांगलीच. फक्त पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजत असेल तर युरिक ॲसिड तपासा, आणि ते वाढलेलं निघालं तर तारली, कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) कमी करा, दारू तर पहिली.

लावणी पार पाडायला वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्ही बिघडतात. घटक न लिहिलेल्या पुड्या तर हातातही घेऊ नका. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर ती बहुधा वयाची झीज. तासभर टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील तर आमवाताची तपासणी हवी. एकच सांधा गरम होऊन सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. शेतात उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप येऊन पोटऱ्या पिळवटल्या तर तो वात नसून लेप्टो (उंदरांच्या मुतातून चिखलात येणाऱ्या जंतूंचा ताप) असू शकतो, तेव्हा तेल चोळत न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि चिखलात काम केल्याचं आधी सांगा.