रेनमीटरची स्किन लावल्यावर पीसी रेंगाळतोय?

डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, रॅमचा मीटर असं सगळं रेनमीटर या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने सजवलं आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, तर थेट अनइन्स्टॉल करू नका. बहुतेक वेळा एखादीच स्किन (म्हणजे डेस्कटॉपवर दिसणारा असा एकेक तुकडा) खादाड असते. सगळ्या स्किन एकाच प्रोसेसखाली चालतात, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये नेमकी कोणती ते कळत नाही. एकेक स्किन अनलोड करत सीपीयूचा आकडा बघा. पहिला संशय गाण्यावर नाचणाऱ्या पट्ट्यांवर घ्या.

सापडली की त्या स्किनवर राइट क्लिक करून ‘एडिट स्किन’ निवडा. नोटपॅडमध्ये वरच्या ‘रेनमीटर’ विभागात ‘अपडेट’ची ओळ दिसेल. आकडा मिलिसेकंदांत असतो. १००० म्हणजे सेकंदाला एकदा. १६ असेल तर सेकंदाला साधारण ६० वेळा! नाचऱ्या पट्ट्यांना ते लागतंच, पण साध्या घड्याळाला कशाला? तिथे १००० करा, सेव्ह करा आणि स्किन रिफ्रेश करा. ‘अपडेट’ १००० असताना डिस्कची मोकळी जागा दाखवणाऱ्या मेझरला (फाइलमधला माहिती मोजणारा भाग) ‘अपडेट-डिव्हायडर’ (UpdateDivider, म्हणजे कितव्या अपडेटला मोजायचं तो आकडा) ६० दिलात, की ती मिनिटातून एकदाच मोजली जाते.

पट्ट्या मात्र बॅटरीवर काम करताना सरळ अनलोडच करा.