अनेक थ्रेड्समध्ये निसटणारा ब्रेकपॉइंट कसा पकडायचा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर मोजणारा एक प्रोग्राम धरा. चार वजनकाटे, प्रत्येकाला एक थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये इतरांसोबत समांतर चालणारं काम), आणि सगळे वजन नोंदवणारं एकच फंक्शन बोलावतात. त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (तपासणीसाठी प्रोग्राम ठरल्या जागी थांबवणारी खूण) लावला, तरी काही नोंदी न थांबताच पुढे जातात.

आधी मोजा, अंदाज नको. फंक्शनमध्ये अ‍ॅटॉमिक काउंटर (अनेक थ्रेड्सनी एकाच वेळी वाढवला तरी न चुकणारा) घाला, प्रत्येक थ्रेडकडून ते 1000 वेळा बोलवा आणि जीडीबी या डीबगरमध्ये 'इग्नोर 1 100000' द्या (1 हा ब्रेकपॉइंटचा क्रमांक). प्रोग्राम थांबणार नाही, पण हिट, म्हणजे ब्रेकपॉइंट किती वेळा लागला ते, मोजले जातील. शेवटी काउंटर आणि 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' दोन्हींत 4000 यायला हवेत. जीडीबीतच कमी आले तर आधी ऑप्टिमायझेशनवर (कंपाइलरने वेगासाठी केलेल्या बदलांवर) संशय घ्या: फंक्शन इनलाइन झालं असेल, म्हणजे त्याचा कोड बोलावण्याच्या जागीच टाकला गेला असेल. 'ओजी' (-Og) या डीबगला सोयीच्या ऑप्टिमायझेशन पातळीवर, डीबग माहितीसह पुन्हा कंपाइल करा. जीडीबीत आकडा जुळतो, पण पीट्रेसवर (दुसरा प्रोग्राम थांबवून तपासू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) लिहिलेल्या स्वतःच्या ट्रेसरमध्ये, म्हणजे छोट्या डीबगरमध्ये, जुळत नाही, तर चूक ट्रेसरमध्येच आहे.

कारण असं. एक्स86 प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी लिहिलेला हेक्स सीसी, ही प्रोग्राम थांबवणारी एका बाइटची सूचना. थ्रेड थांबल्यावर पुढे जायला मूळ बाइट परत ठेवून एक पाऊल चालवावं लागतं. मेमरी मात्र सगळ्या थ्रेड्सची एकच. त्या एका पावलात दुसरा थ्रेड तिथून गेला, तर त्याला ब्रेकपॉइंट दिसतच नाही.

म्हणून क्रम हा ठेवा. एका थ्रेडचा सिगट्रॅप (ब्रेकपॉइंट लागल्याचा सिग्नल) आला की बाकीचे सगळे थांबवा आणि प्रत्येक खरोखर थांबल्याची वेटपिडने (थांबल्याची खबर येईपर्यंत वाट पाहणाऱ्या कॉलने) खात्री करा. नुसता सिग्नल पाठवून पुढे जाऊ नका, घोळ बहुतेकदा इथेच होतो. मग पीसी (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) एकने मागे घ्या, मूळ बाइट लिहा, फक्त त्याच थ्रेडला सिंगलस्टेप (एकच सूचना चालवण्याचा आदेश) द्या, सीसी परत लिहा आणि मगच सगळ्यांना सोडा. थांबवताना दुसऱ्या थ्रेडचाही सिगट्रॅप हाती आला तर तो टाकून देऊ नका. तोही हिटच आहे, रांगेत ठेवा. तो टाकला तर पीसी सूचनेच्या मधोमध राहतो आणि प्रोग्राम कोसळू शकतो.

सगळ्यांना थांबवणं परवडत नसेल तर मूळ सूचना वेगळ्या जागी कॉपी करून तिथे चालवा. सीसी जागचा हलत नाही. जीडीबीत याला डिस्प्लेस्ड स्टेपिंग म्हणतात. पीसी-सापेक्ष पत्ते (स्वतःच्या जागेपासून मोजलेले) असलेल्या सूचना मात्र दुरुस्त कराव्या लागतात, म्हणून सुरुवातीला पहिलाच मार्ग बरा.

हार्डवेअर ब्रेकपॉइंटला (प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये पत्ता भरून लावलेल्या) बाइट बदलावा लागत नाही, पण एक्स86 वर जागा चारच, डीआर0 ते डीआर3, आणि ती रजिस्टर्स प्रत्येक थ्रेडची वेगळी. प्रत्येक थ्रेडमध्ये ती भरावी लागतात.

चालू प्रोसेसला जोडताना पीट्रेस एकाच थ्रेडला पकडतो. प्रॉक (/proc) फाइल सिस्टिममधली त्या प्रोसेसची टास्क यादी, म्हणजे तिच्या थ्रेड्सची यादी, नवा थ्रेड मिळेनासा होईपर्यंत वाचत राहा आणि पुढे जन्मणाऱ्या थ्रेड्ससाठी पीट्रेसचा ट्रेसक्लोन पर्याय लावा.

दुरुस्तीनंतर तीच 4000 ची चाचणी पुन्हा घ्या, तीही अनेक कोअरवर. एकाच कोअरवर हा दोष बहुधा लपतो.