आधी बादली, मग बाटली: मासा आजारी पडल्यावर या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. हात हलल्यामुळे पुसट, काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका. खाली प्रश्न: "दादा, गोल्डफिश सुस्त पडलाय, कुठलं औषध टाकू?" टाकी केवढी, कधी लावली, पाणी शेवटचं कधी बदललं, यातलं काहीच कळवलेलं नसतं. विचारलं तर कळतं की औषध टाकून झालंय. निळं टाकलं, गुण आला नाही, म्हणून दुकानदाराने पिवळं दिलं. आता दोन्ही मिळून पाणी हिरवं झालंय आणि मासा धड दिसतही नाही.

घरच्या टाकीत मासे आजारी पडतात त्यातली बरीच प्रकरणं पाण्याचीच असतात. खरोखर रोग असला तरी तो बहुधा खराब पाण्याने अशक्त झालेल्या माशालाच आधी धरतो. त्यामुळे औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी बादली उचलावी.

न बघताच निदान करणं

पहिला प्रश्न एवढाच: एक मासा आजारी आहे की सगळे? सगळेच एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो बहुधा रोग नाही. एकतर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे, नाहीतर अमोनिया किंवा नायट्राइट वाढलंय. एकच मासा कोपऱ्यात बसला असेल, बाकीचे मजेत असतील, तर मात्र त्याच्याकडे नीट बघा. पर मिटून घेतलेत का? कल्ले भराभर हलताहेत का? दगडावर अंग घासतोय का? शेपटी कुरतडल्यासारखी दिसते तर ती सडतेय, की दुसरा कोणी चावे घेतोय? चावऱ्या टायगर बार्बसोबत एंजल मासा ठेवलेला असेल तर औषध कशाला, जागा बदला.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. फायटर आणि गुरामी हे मासे हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ते मधूनमधून पृष्ठभागावर येणारच. आणि नर गोल्डफिशच्या कल्ल्यांवरच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या काळात बारीक पांढरे दाणे येतात. ते ओळीत, नीट मांडल्यासारखे आणि फक्त त्याच जागी असतात. शेपटीवर नाहीत, पाठीवर नाहीत. तो मासा वयात आलाय, आजारी नाही. तरी त्याच्यावर व्हाइट स्पॉटचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा, कोर्स चालवणारे दर मोसमात भेटतात.

पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं समजणं

अमोनिया दिसत नाही, आणि घातक ठरणाऱ्या प्रमाणात असला तरी त्याचा वास येईलच असं नाही. माशाची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मल आणि उरलेलं खाणं यातून तो तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. शनिवारी टाकी आणली, रविवारी दहा मासे सोडले आणि पुढच्या आठवड्यात ते मरायला लागले, याचं कारण दुकानातला 'रोगट माल' असतोच असं नाही.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. पट्ट्यांच्या बऱ्याच किटमध्ये अमोनियाची चाचणीच नसते, म्हणजे नेमकं जे बघायचं तेच राहून जातं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली हवं. पहिल्या दोनपैकी काहीही दिसलं तर खाणं बंद करा, निम्मं पाणी बदला, हवेचा पंप जोरात लावा आणि शून्यावर येईपर्यंत रोज तपासा. नायट्राइट असेल तर लिटरला एक ग्रॅम मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

नेहमी घोळ होतो तो गणपतीत. गावी जाताना खाण्याची डबी शेजारच्या काकूंकडे जाते, काकू मायेने दोन वेळा चिमूट-चिमूट टाकतात आणि परत येईपर्यंत टाकी दुधाळ झालेली असते. तब्येतीने चांगले मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. डबी कपाटात ठेवून जा.

घाबरून सगळं पाणी काढणं, फिल्टर नळाखाली घासणं

मासा सुस्त दिसला की काही घरांत साफसफाईची मोहीम निघते. मासे बादलीत, दगड ब्रशने घासलेले, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या स्पंजमधले जिवाणू मारतं आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, हलक्या हाताने, आणि सगळं मटेरियल एकाच दिवशी बदलायचं नाही.

नव्या पाण्याचं क्लोरीनही बघायला हवं. बादली उघडी ठेवून २४ तासांनी ते उडून जातं हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडत नाही. पावसाळ्यात नळ सोडल्यावर वास नाकात जातो त्या दिवसांत अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय पाणी आत घालू नका.

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत वेगळाच धोका असतो. तिथे पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) खाली गेलेला असतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा घातक नसलेल्या रूपात पडून राहतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. अशा टाकीत बोअरचं जड, जास्त पीएचचं पाणी एकदम निम्मं ओतलं तर काल फक्त सुस्त असलेला मासा आज उलटा पडतो, आणि "पाणी बदललं म्हणून मेला" असा गैरसमज कायमचा घरात राहतो. इथे रोज दहा-पंधरा टक्केच बदला.

ठिपके गेले की औषध थांबवणं

व्हाइट स्पॉट, म्हणजे इक, ओळखायला सोपा: मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके अंगावर, परांवर, शेपटीवर विखुरलेले. पुणे-नाशिककडे डिसेंबरच्या रात्री पाणी विशीच्या आसपास उतरतं तेव्हा, किंवा पावसाळ्यात नवा मासा आणल्यावर, हा हमखास येतो.

तो परजीवी माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो आणि तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, गुंडाळी करून विभागतो आणि एकाचे शेकडो होऊन पाण्यात पोहू लागतात. औषधाला सापडतात ते हे पोहणारेच. म्हणजे ठिपके नाहीसे झाले त्या दिवशी मासा बरा झालेला नसतो, परजीवी फक्त तळाशी गेलेला असतो. नेमकं तेव्हाच लोक पेढे वाटून औषध थांबवतात आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके येतात. कोर्स साधारण दोन आठवडे चालवा. शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस सोडू नका.

हीटर असेल तर काही तासांना एक अंश याप्रमाणे तापमान २९-३० वर न्या. चक्र झपाट्याने पूर्ण होतं आणि तिशीला बऱ्याचदा थांबतंच. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, म्हणून एअरस्टोन वाढवा. गोल्डफिशला एवढी ऊब मानवत नाही, त्याच्यासाठी मीठ बरं.

मिठाचं गणित लिहून ठेवा. लिटरला दोन ग्रॅम. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं, पण दगड-वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की ४५ च्या आसपास उरतं. म्हणजे ९० ग्रॅम, दीड दिवसात तीन वाटे करून, बादलीत विरघळवून. मीठ उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून वरून भर घालताना त्यात पुन्हा मीठ टाकलं तर आठवड्यात प्रमाण कुठल्या कुठे जातं. जेवढं पाणी बाहेर काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ घाला. कोरीडोरास आणि लोच या माशांना आणि बऱ्याच वनस्पतींना मीठ सोसत नाही.

कापूस दिसला की बुरशी म्हणणं

बुरशी बहुधा जुन्या जखमेवर, धाग्याधाग्यांची आणि फुललेली दिसते. तोंडाभोवती करडी-पांढरी कड किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा दिसला तर तो बहुतेक कॉलम्नॅरिस असतो, आणि तो जिवाणूंचा रोग आहे. उबदार पाण्यात तो चेकाळतो, एक-दोन दिवसांत मासा नेतो. इकसारखाच समजून हीटर वाढवलात तर रोगालाच मदत होते. इथे मासा लगेच वेगळा काढा, पाणी थोडं गार ठेवा आणि अँटिबायोटिकसाठी जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारा.

मेडिकलमधून टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल आणून फोडण्याची पद्धत जुनी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे औषध धरून ठेवतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा जोर बराच कमी होतो. फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र त्रास होऊ शकतो. अर्धवट कोर्स करून प्रतिकारक्षम जिवाणू तयार होतात, ते वेगळंच.

मुख्य टाकीतच दवाखाना थाटणं

मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत टाकू नका. फिल्टरच्या जिवाणूंना आणि वनस्पतींना ते बाधतं, आणि सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात. झाकणवाला वीस लिटरचा प्लॅस्टिक टब, साधा स्पंज फिल्टर आणि लपायला कुंडीचा तुकडा एवढ्यात दवाखाना होतो. स्पंज मुख्य टाकीत महिनाभर चालवून ठेवलेला असावा. नवे मासेही याच टबात तीन-चार आठवडे ठेवले तर वरची निम्मी कटकट दारातच थांबते. इक मात्र आख्ख्या टाकीत पसरलेला असतो, तिथे एकट्या माशाला हलवून भागत नाही.

फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन असेल तर तो काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. दोन औषधं एकत्र करू नका. मॅलकाइट ग्रीन हे औषध हाताळताना हातमोजे घाला. टेट्रा जातीच्या आणि खवले नसलेल्या माशांना ते निम्म्याच मात्रेत द्यायचं.

पोट फुगलं म्हणजे ड्रॉप्सी असंही नाही. वरून बघा. खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले असतील तर ड्रॉप्सी, आणि तेव्हा आतले अवयव, बहुधा मूत्रपिंडं, थकलेली असतात. ते लक्षण आहे, एका रोगाचं नाव नाही, आणि वाचण्याची आशा कमीच. खवले बसलेले असून ओरांडा किंवा रंचू (गोल्डफिशचेच प्रकार) वाकडातिकडा तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला मटार.

मासा वाचणारच नसेल तर त्याला फ्रीजरमध्ये किंवा संडासात टाकू नका. लवंगाचं तेल, लिटरला अर्धा मिली, टाकीच्याच पाण्याच्या छोट्या बाटलीत दुधाळ होईपर्यंत हलवून हळूहळू त्याच्या भांड्यात ओता. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवा. जिवंत मासा, आजारी असो वा नकोसा झालेला, नदीत-तळ्यात सोडणं तर मुळीच नको. टाकीत पाळल्या जाणाऱ्या सकर माशाने उजनी धरणातल्या मच्छीमारांना किती हैराण केलंय ते तिथे जाऊन विचारा. आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. माशांकडून माणसाच्या कातडीला लागणारा एक क्षयवर्गीय जिवाणू आहे, त्याची गाठ महिनोन्‌महिने जात नाही. डॉक्टरांकडे गेलात तर घरी मासे आहेत हे आपणहून सांगा, ते स्वतः विचारतीलच असं नाही.