होमस्टेची जाहिरात एआयकडून घेताना

वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत होमस्टेच्या जाहिराती हल्ली सारख्याच: ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव’. पाहुण्याला त्यातून काय डोंबल कळणार?

१. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडा, माइक दाबा आणि ओळखीच्या पाहुण्याला सांगता तसं बोला. खळ्यात (अंगणात) ऊन कधी येतं, व्हाळ (ओढा) ओलांडून किनाऱ्यावर कसं जायचं, भरतीला ती वाट बंद होते का, दुपारी सोलकढी मिळेल का. अडखळलात तरी चालेल.

२. तो मजकूर चॅटजीपीटीला द्या: ‘फक्त शुद्धलेखन आणि विरामचिन्हं सुधार. शब्द बदलू नकोस, नवं काही घालू नकोस.’

३. मूळ मजकुराशी ताडून पाहा. खळ्याचं अंगण, व्हाळाचा ओढा झाला असेल तर परत फिरवा.

भाडं आणि अंतर मात्र स्वतः तपासा. ‘समुद्र दोन मिनिटांवर’ असं चॅटजीपीटीनं मनानं घातलं, तर बोलणी तुम्हालाच बसतील.