शॉवरखालची गळती: टाइल फोडण्याआधी या चुका टाळा

खालच्या मजल्यावरून निरोप येतो, "तुमच्या बाथरूममुळे आमच्या छताला ओल आलीय." दोन दिवसांत कुणीतरी डबा-ब्रश घेऊन हजर होतो, टाइलच्या सांध्यांवर केमिकल फिरवतो, पाच वर्षांची तोंडी गॅरंटी देतो आणि पैसे घेऊन जातो. काही महिन्यांनी ओल पुन्हा तिथेच.

केमिकल खोटंच असतं असं नाही. ते चुकीच्या जागी मारलेलं असतं. चकचकीत टाइल पाणी अडवते, पण सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पाण्याला फक्त उशीर लावतं. खरं वॉटरप्रूफिंग असतं टाइलच्या खाली, प्लास्टरवर आणि स्लॅबवर. तो थर फाटला असेल तर वरून काहीही फासा, पाणी वाट काढणारच.

आधी शोध, मग हातोडा

गवंडी म्हणतो पाइप फुटलाय, प्लंबर म्हणतो टाइलचं काम कच्चं आहे. दोघांपैकी कुणाचंही ऐकून फोडाफोड सुरू करू नका. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. ओल वाढतेय की नाही, हे नंतर वादाशिवाय कळतं.

मग एकेक चाचणी. पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा गुंडाळून नहाणीच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीच्या, तोंडात घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं दोन-तीन सेंटिमीटर पाणी जमिनीवर साठवा, कडेला खूण करा आणि २४ तास थांबा. पातळी ठळक उतरली तर दोष जमिनीत आहे. पातळी तशीच राहिली तर बोळा काढून चार-पाच बादल्या थेट नहाणीत ओता, भिंतीवर थेंब उडू न देता. आता रेघ ओलांडून ओल आली तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या भांड्यात) किंवा पुढच्या पाइपमध्ये. तिथेही काही नाही, तर शॉवर फक्त भिंतीवर पंधरा-वीस मिनिटं सोडा; आता ओल आली तर दोष भिंतीत.

चाचण्या एकाच दिवसात उरकणं ही इथली नेहमीची चूक. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. आज थांबवलेली गळती खाली आणखी काही दिवस दिसू शकते, त्यामुळे दोन चाचण्यांमध्ये अंतर ठेवा.

आंघोळ न करताही ओल रात्रंदिवस सारखीच वाढत असेल तर संशय भिंतीतल्या पाइपवर घ्या. प्लंबरकडून पंप लावून प्रेशर तपासून घ्या. आणि ओल फक्त जून ते सप्टेंबर येत असेल, तर बाथरूमला हात लावण्याआधी बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि डक्टमधले (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतले) पाइप बघा.

लहान दुरुस्तीत होणारे घोळ

जुन्या ग्राउटवर नवा पातळ थर मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. सांधा निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून, पूर्ण सुकवून मगच भरा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरूच नका. तिथे हालचाल होते, ते तडकतं. तिथे सिलिकॉन हवं, तेही जुनं पूर्ण काढून. सिलिकॉन लावून संध्याकाळी आंघोळ केली की काम वाया. निदान २४ तास कोरडं ठेवा. शॉवरच्या नळाभोवतीची स्टीलची चकती एकदा सरकवून बघा. तिच्यामागे टाइलला पाडलेलं भोक बहुतेक वेळा उघडंच असतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला ॲसिड ओतणं बंद करा. डाग जातात, पण सिमेंटचं ग्राउटही विरघळतं. दर महिन्याला ॲसिड मारणाऱ्या घरांत सांधे नखाने उकरले जातील इतके भुसभुशीत झालेले असतात.

फोडायचंच ठरलं तर

फोडलेल्या टाइलचं डेब्रिज परत भरावात ढकलू देऊ नका, डोळ्यांसमोर गोण्या खाली जाऊ द्या. कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई, त्यावर फायबरची जाळी, मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोटिंग सगळ्या जमिनीवर, बाकीच्या भिंतींवर फूटभर आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वर. पाइप जिथून आरपार जातात तिथे घाई झाली तर बाकीचं सगळं व्यर्थ. जमिनीला नहाणीकडे मीटरमागे साधारण १० ते १२ मिलिमीटर उतार हवा. डबक्याच्या जागी सांधे आधी खराब होतात.

कोटिंग सुकायला पाकिटावर लिहिलेले दिवस द्या आणि टाइल लावण्याआधी पुन्हा पाणी साठवून ४८ तास ठेवा. "उद्या टाइलवाला येतोय" म्हणून ही चाचणी गाळण्याचा आग्रह ठेकेदार हमखास करतो. नाही म्हणा. टाइल बिनसांध्याच्या दिसाव्यात म्हणून एकमेकींना चिकटवूनही लावू नका. दोन-तीन मिलिमीटर फट नसेल तर ग्राउट आत उतरतच नाही.

खर्च कुणाचा, यावर सोसायटीत आवाज चढतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांसारख्या घरातल्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करायची असते. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेकडे येते. म्हणून चाचण्यांचे आणि त्या पेन्सिलच्या रेघेचे फोटो तारखेसह जपून ठेवा.